पहिली ओळ : सुईवर टाके घालण्याविषयीं

विणकाम शिकूं लागलेल्या विद्यार्थिनीचें सारें लक्ष नक्षीकडे असतें. लोंकर कोणत्या रंगाची घ्यावी, पानांची वीण घालावी कीं जाळीची, बाह्या आंखूड ठेवाव्या कीं लांब, याविषयीं वर्गांत जितकी चर्चा होते, तिच्या शतांशानेंही सुईवर प्रथम घालावयाच्या टाक्यांविषयीं होत नाहीं. 'टाके घाला' एवढेच शब्द पुस्तकांत असतात व त्यांच्याजवळ एक आंकडा असतो. तो आंकडा पुरा झाला कीं आरंभाचें काम संपलें, अशी बहुतेकांची समजूत असते. आमचीही कित्येक वर्षें तशीच होती. ती चुकीची आहे हें आम्हांस कसें कळलें व त्यापासून आम्ही काय शिकलों, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या वर्गांत घाटावरील एका खेड्यांतून आलेली एक विद्यार्थिनी होती. तिचे आजोबा बरेच वृद्ध होते. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत त्यांचे पाय रात्रभर गार पडत, म्हणून त्यांच्यासाठीं लोंकरीच्या पायमोज्यांचा एक जोड विणावा असें तिनें मनांत घेतलें. खाऊचे पैसे सांठवून तिनें लोंकर आणली आणि सहामाही परीक्षा संपल्यापासून रोज संध्याकाळीं वसतिगृहाच्या ओट्यावर बसून तें काम पुरें केलें. टांचेचें वळण सफाईदार साधलें होतें. एक टाका कोठें निसटला नव्हता. आम्हीं ते मोजे सर्व वर्गास दाखविले आणि त्यांच्या तोंडाचा कांठ किती घट्ट व एकसारखा आला आहे, याची विशेष वाखाणणी केली.

नाताळच्या सुटींत ती मोजे घेऊन घरीं गेली. आजोबांनीं ते हातांत घेऊन उलटसुलट पाहिले, नातीच्या पाठीवरून हात फिरविला आणि उशाशीं ठेविले. उन्हाळ्याच्या सुटींत ती पुन्हां घरीं गेली, तेव्हां तेच मोजे पेटींत घडी घालून ठेविलेले तिला आढळले. ते एकदांही वापरलेले दिसत नव्हते. फार आग्रह केल्यावर आजी म्हणाली, "अग पोरी, त्यांच्या टांचेवरून ते जातच नाहींत. दोनदां ओढून पाहिले. मग म्हणाले, पोरीला सांगूं नकोस, फार हौसेनें केले आहेत तिनें."

जूनमध्यें शाळा उघडली, तेव्हां ती मुलगी ते मोजे घेऊन आमच्यापुढें उभी राहिली. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. तिनें एवढेंच विचारलें, "बाई, कांठ चांगला आला आहे असें तुम्ही म्हणालां होतां. मग चुकलें कोठें?"

या प्रश्नाचें नीट उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. "कांठ सैल घालावयास हवा होता, थोडी जाड सुई घे," असें आम्ही म्हणालों. दुसऱ्या दिवशीं तिनें जाड सुईवर टाके घालून एक लहानसा तुकडा विणून आणला. त्याचाही कांठ ताणला जाईना. तेव्हां मात्र आम्हीं स्वतः सुया हातांत घेतल्या आणि जी गोष्ट आम्ही इतकीं वर्षें शिकवीत आलों होतों, ती अगदीं आरंभापासून तपासावयास बसलों.

१. पहिल्या ओळीचें काम काय?

आपल्याकडे सणगर लोक मागावर घोंगडी विणतात तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. घोंगडी विणावयाची तर प्रथम उभे धागे ताणून ताणा तयार करावा लागतो, आणि मग आडवा धागा त्यांच्या वरखालून नेतात. म्हणजे घोंगडीची लांबी-रुंदी ताणा लावतांनाच ठरून जाते. सुयांवरील विणकामांत असा ताणा नसतो. तेथें धागा एकच, आणि तो एका फाशांतून दुसरा फांस ओढीत पुढें जातो. प्रत्येक टाका खालच्या ओळींतील टाक्याच्या आधारानें उभा असतो. पण मग सर्वांत खालच्या ओळीनें कोणाचा आधार घ्यावा? तिच्याखालीं तर कांहींच नसतें.

म्हणून पहिली ओळ नेहमींच्या रीतीनें विणतां येत नाहीं. ती धाग्याला पीळ देऊन, गांठ मारून किंवा धागा स्वतःभोंवतींच अडकवून निराळ्या युक्तीनें उभी करावी लागते. तिला दोन कामें एकदम करावयाचीं असतात. एक, वरच्या ओळीसाठीं उघडे फांस तयार ठेवणें. दुसरें, खालच्या बाजूस कायमचा कांठ होऊन राहणें. मागावर जें स्थान ताण्याचें, तेंच येथें या ओळीचें आहे. ताण्याची रुंदी मागाहून वाढत नाहीं, त्याचप्रमाणें या ओळीची ताणली जाण्याची मर्यादाही एकदां ठरली म्हणजे पुढची वीण कितीही चांगली असली तरी वाढत नाहीं.

उघडे फांस सुईवर धरून ठेवणें हा या कलेचा विशेष आहे. लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथें सांपडलेला तांबड्या लोंकरीच्या मोज्यांचा एक जोड आहे. तो इ. स. २५० ते ४२० च्या दरम्यानचा मानतात. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्याचा अंगठा निराळा केलेला आहे. प्रथमदर्शनीं ते मोजे दोन सुयांवर विणल्यासारखे वाटतात, पण तसे ते नाहींत. ते नेढ्याच्या एकाच सुईनें, धाग्याचा आंखूड तुकडा प्रत्येक वेळीं संपूर्ण ओढून घेऊन केलेले आहेत. त्या रीतींत टाका पडतांच पक्का होतो व सुईवर टाके धरून ठेवण्याचें कारणच पडत नाहीं. दोन सुयांच्या रीतींत मात्र काम पुरें होईपर्यंत एक सबंध ओळ उघडी असते. त्यामुळें काम झपाट्यानें होतें, आणि त्यामुळेंच 'प्रथम टाके कसे घालावे' हा प्रश्नही उपस्थित होतो.

२. अंगठ्यावरून टाके घालण्याची रीत

आमच्या वर्गांत जी रीत आम्ही प्रथम शिकवितों ती अशी. धाग्याचें सुटें टोक पुरेसें लांब सोडून एक सरफांस करावा. म्हणजे धाग्याचें एक वेटोळें करून त्यांतून धागा फाशासारखा ओढून घ्यावा, तो फांस सुईवर चढवावा व टोकें हलके ओढून गांठ बसवावी. हा पहिला टाका झाला व तो मोजण्यांत धरावा.

आतां सुई उजव्या हातांत धरावी. सुटें टोक डाव्या अंगठ्यावरून व गुंड्याकडील धागा डाव्या तर्जनीवरून घ्यावा, आणि दोन्ही धागे उरलेल्या तीन बोटांनीं तळहाताशीं धरून ठेवावे. सुईचें टोंक अंगठ्यावरील फाशांत खालून वर घालावें, तर्जनीवरील धागा वरून पकडावा, आणि तो अंगठ्याच्या फाशांतून आपल्याकडे ओढून आणावा. मग अंगठा सोडून त्याच अंगठ्यानें खालचा धागा हलके ओढून टाका सुईशीं बसवावा. हाच दुसरा टाका. पहिल्या दिवशीं हात चुकतो, दुसऱ्या दिवशीं अडखळतो, आणि आठवड्यानंतर मुली बोलतां बोलतां शंभर टाके घालूं लागतात.

येथें पुष्कळदां एक फजिती होते. ऐशीं टाके घालावयाचे असतां सत्तराव्या टाक्याला सुटें टोक संपतें आणि सर्व उसवावें लागतें. यावर उपाय असा कीं, सुईभोंवतीं धाग्याचे दहा वेढे द्यावे, ते उलगडून तेवढी लांबी मोजावी, आणि जितके दहा टाके हवे तितक्या पटींनीं टोक सोडावें. वर वीतभर लांबी शिलकीस ठेवावी, म्हणजे शेवटीं शिवण घालण्यासही तिचा उपयोग होतो. टाके फार असतील तर दोन गुंड्यांचे धागे एकत्र गांठून एक अंगठ्यावर व एक तर्जनीवर घ्यावा. मग टोक संपण्याची भीतीच राहत नाहीं. ती गांठ मात्र टाक्यांत मोजूं नये, मागाहून सोडून टाकावी.

या रीतींत दोन धाग्यांचीं दोन निराळीं कामें असतात हें विद्यार्थिनींनीं नीट पाहावें. तर्जनीवरील धागा सुईवरचे फांस करतो. अंगठ्यावरील धागा त्या फाशांच्या बुडाशीं एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्याकडे जात कांठ तयार करतो. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर या दुसऱ्या धाग्यांत होतें.

३. सैलपणा कोठें असतो?

आम्हीं तिला जवळ बसवून तीन तुकडे विणले. प्रत्येकाला टाके ३२, लोंकर एकच, आणि वीण दोन सुलट दोन उलट अशी दहा ओळी. पहिल्या तुकड्याचे टाके नेहमींच्या सुईवर एकमेकांस चिकटून घातले. दुसऱ्याचे टाकेही तसेच चिकटून, पण दुप्पट जाड सुईवर घातले व मग नेहमींच्या सुईनें विणले. तिसऱ्याचे टाके नेहमींच्याच सुईवर, पण प्रत्येक दोन टाक्यांमध्यें सुईच्या जाडीइतकी फट ठेवून घातले.

मग तिन्ही तुकडे पट्टीवर ठेवून ताणून पाहिले. पहिल्याचा कांठ थोडा ताणून अडला. दुसऱ्याचाही जवळजवळ तेथेंच अडला. फरक इतकाच कीं, त्याची पहिली ओळ लांबट व गबाळी दिसत होती. तिसऱ्याचा कांठ मात्र वरच्या विणीबरोबर सहज पसरला आणि सोडतांच परत मिटला.

याचें कारण समजण्यास कवाईतींतील रांग डोळ्यांपुढें आणावी. मुलींनीं एकमेकींचे हात धरून रांग केली आहे. रांग किती पसरेल हें त्यांच्या हातांच्या लांबीवर अवलंबून असतें. सर्वांनीं डोक्यावर उंच टोप्या घातल्या म्हणून रांग एक बोटभरही लांबत नाहीं. जाड सुई टाक्याला उंच टोपी घालते. त्यानें फांस मोठा होतो, पण एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंत बुडाशीं जो धागा जातो तो होता तेवढाच राहतो. तो आंखूड असला तर कांठ ताणला जाणें शक्य नाहीं. विणलेलें कापड ताणलें जातें तें धागा लांबतो म्हणून नव्हे, तर फाशांचीं वळणें उलगडतात म्हणून. कांठांतील धाग्याला वळणच राहूं दिलें नाहीं, तर त्यानें उलगडावें काय?

तेव्हां सैलपणा टाक्यांत ठेवावयाचा नसून दोन टाक्यांच्या मध्यें ठेवावयाचा आहे. एवढी एक गोष्ट ध्यानांत आली कीं, 'हात सैल ठेवा' या मोघम उपदेशाची गरज राहत नाहीं. रीत सोपी आहे. एक टाका घातला कीं उजव्या हाताच्या तर्जनीचें टोंक सुईवर त्या टाक्याला लावून ठेवावें, आणि पुढचा टाका त्या बोटाच्या पलीकडे बसवावा. बोट काढलें कीं मध्यें सारखी फट राहते. सुरुवातीस बोटाची फट थोडी मोठी पडते, ती हळूहळू सुईच्या जाडीइतकी करावी. त्याहून फार मोठी ठेवूं नये, नाहीं तर कांठाला भोंकें दिसतात. फांस मात्र सुईला बेताचा लागून असावा. तो सुईवर सहज सरकला पाहिजे, लोंबतां कामा नये.

४. किती टाके घालावे?

पुस्तकांतील आंकडा पुस्तक लिहिणारीच्या हाताचा असतो, आपल्या हाताचा नसतो. म्हणून चार इंच रुंदीचा नमुना विणून त्यांतले टाके मोजण्याची संवय लावून घ्यावी. समजा, चार इंचांत २२ टाके बसले, तर एका इंचास साडेपांच झाले. टोपी घालावयाच्या डोक्याचा घेर २० इंच आहे. टोपी डोक्यावर बसून राहावी म्हणून ती दोन इंच कमी, म्हणजे १८ इंच धरावी. १८ गुणिले साडेपांच म्हणजे ९९ टाके. पण दोन सुलट दोन उलट या विणीस टाक्यांची संख्या चारनें भागली जावी लागते. म्हणून १०० टाके घालावे.

मोज्याचा हिशेब थोडा निराळा आहे. आमच्या विद्यार्थिनीचे टाके इंचास ८ होते व तिनें ६४ घातले होते, म्हणजे तोंडाचा घेर ८ इंच झाला. घोट्याच्या वर बसावयास तो योग्यच होता. पण मोजा घोट्यावर आकाशांतून उतरत नाहीं, त्याला टांचेवरून यावें लागतें. आम्हीं तिला घरीं पत्र लिहून माप मागविण्यास सांगितलें. आजीनें टांच व पावलाचा वरचा उंचवटा यांभोंवतीं सुतळी फिरवून, जेथें टोकें मिळालीं तेथें गांठ मारून, ती सुतळीच पाकिटांत घालून पाठविली. ती साडेबारा इंच भरली. वरची वीण तेवढी ताणली जात होती, पण तोंडाचा कांठ दहा इंचांवर अडत होता. अडीच इंचांसाठीं सगळा मोजा निरुपयोगी ठरला होता. टाके वाढवून हें साधलें नसतें, कारण मग मोजा घोट्यावर राहिलाच नसता. कांठ मिटलेला असतां ८ इंच व ताणला असतां साडेबारा इंचांहून थोडा अधिक, असाच असावयास हवा होता.

मोजण्याच्या बाबतींत आणखी एक सूचना. टाके फार असले तर दर वीस टाक्यांनंतर निराळ्या रंगाच्या धाग्याचें लहान कडें सुईवर अडकवावें. मध्यें कोणी हांक मारली तरी पुन्हां पहिल्यापासून मोजावें लागत नाहीं.

५. कामाप्रमाणें रीत

अंगठ्याची रीत सर्वसाधारण उपयोगाची असली, तरी प्रत्येक ठिकाणीं तीच चालते असें नाहीं. धाग्याला नुसता पीळ देऊन फांस सुईवर चढवीत जाण्याची रीत सर्वांत सोपी. लहान मुलें ती पांच मिनिटांत शिकतात. पण तिची पहिली ओळ विणतांना दोन फाशांमधला धागा वाढत जातो व कांठ वेडावांकडा होतो. म्हणून सबंध कपड्याचा आरंभ तिनें करूं नये. हातमोज्याच्या अंगठ्यापाशीं किंवा मध्येंच दोनचार टाके वाढवावयाचे असतील, तेथें ती उत्तम.

दुसरी रीत दोन सुयांची. डाव्या सुईवर सरफांस घेऊन त्यांतून उजव्या सुईनें एक टाका विणावा व तो डाव्या सुईवर चढवावा. पुढचा टाका काढतांना उजवी सुई शेवटल्या टाक्यांत न घालतां शेवटल्या दोन टाक्यांच्या मधून घालावी. याप्रमाणें केलेला कांठ दोरीसारखा पिळदार व बळकट होतो. सुटें टोक लांब सोडण्याचें कारण पडत नाहीं. पिशवीचें तोंड, गुंडीचें घर, ज्या कांठावर ओढ बसते व ज्यानें पसरूं नये असा कांठ, यांसाठीं ही रीत घ्यावी. मोज्याच्या तोंडासाठीं घेऊं नये.

कांठ कसा करावा हें अजून ठरलें नसेल, तर टाकाऊ सुताची आंकड्याच्या सुईनें सैल सांखळी करून तिच्या मागील फाशांतून टाके उचलावे. पुढें सांखळी उसवली कीं खालचे टाके उघडे मिळतात व त्यांना हवा तो कांठ देतां येतो. कित्येक विणणाऱ्या बायका मोजा तोंडापासून न विणतां बोटांकडून आरंभितात. त्यासाठीं दोन सुयांवर एकदम टाके घालण्याची एक सुबक रीत अमेरिकेंतील ज्यूडी बेकर यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केली. तिनें मोज्याचें टोंक शिवणीशिवाय बंद होऊन येतें. मात्र त्या मोज्यांत तोंडाचा कांठ शेवटीं येतो, म्हणून टाके घालतांना जो विचार करावयाचा तो टाके बंद करतांना करावा लागतो. विचार टळत नाहीं, त्याची जागा बदलते.

६. गोल विणतांना

जर्मनींतील हांबुर्ग येथील चित्रसंग्रहालयांत मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या नांवानें ओळखली जाणारी, सुमारें १४०० सालची बुक्सटेहुडे येथील एक वेदी आहे. तिच्यावरील एका चित्रांत पवित्र मरिया बसून बाळ येशूसाठीं अंगरखा विणीत आहे, व तिच्या सुया अंगरख्याच्या गळ्याभोंवतीं फिरलेल्या आहेत. वधस्तंभाच्या वेळीं प्रभूच्या अंगावर जें बिनशिवणीचें वस्त्र होतें, त्याची सूचना त्यांत आहे असें जाणते सांगतात. तो अर्थ बाजूस ठेविला तरी विणकाम शिकणाऱ्यास त्या चित्रांतून एक गोष्ट दिसते. अनेक सुयांवर गोल विणण्याची व शिवण टाळण्याची रीत त्या काळींही माहीत होती.

या रीतींत पहिल्या ओळीचा एक निराळा धोका असतो. टाके तीन किंवा चार सुयांवर वांटून वर्तुळ जोडतांना ओळीला कोठें पीळ पडला, तर तो पुढें कितीही विणलें तरी जात नाहीं. एकदोन ओळींनंतर तो सरळ करणेंही शक्य राहत नाहीं, सर्व उसवावें लागतें. म्हणून जोडण्यापूर्वीं सुया मेजावर ठेवाव्या, आणि कांठाची बाजू सर्वत्र वर्तुळाच्या आंत आली आहे कीं नाहीं हें बोट फिरवून पाहावें. हात नवशिका असेल तर पहिल्या दोन ओळी सपाट विणून मग वर्तुळ जोडावें. दोन ओळींच्या पट्टीचा पीळ तेव्हांच दिसतो, आणि जी लहानशी फट राहते ती सुट्या टोकानें शिवून टाकतां येते.

७. कसोटी आणि उपाय

चार ओळी विणून झाल्या कीं थांबावें. कांठ दोन्ही हातांनीं धरून ताणावा, आणि वरची वीण जितकी पसरते तितकाच कांठ पसरतो कीं नाहीं तें पाहावें. ज्याच्यासाठीं विणावयाचें त्याचें माप जवळ असेल, तर पट्टीवर ताणून खात्री करावी. कांठ अडला तर तेथेंच उसवावें. त्या वेळीं अर्ध्या तासाचें काम फुकट जातें. पुढें दोन महिन्यांचें जातें.

पण ज्याचे दोन महिने गेलेच आहेत त्यानें काय करावें? आमच्या विद्यार्थिनीपुढें हाच प्रश्न होता. सर्व मोजे उसवण्यास ती तयार झाली होती, पण तशी गरज नव्हती. आम्हीं तिला पुढील उपाय दाखविला. कांठाच्या थोड्या वर एका ओळींतील सर्व टाक्यांतून बारीक सुया ओंवून ते धरून ठेवावे. त्या ओळीच्या लगेच खालच्या ओळींत एक टाका कात्रीनें कापावा, आणि तो धागा सुईच्या टोंकानें एकेका टाक्यांतून उसवीत सगळ्या मोज्याभोंवतीं फिरावें. खालचा घट्ट कांठ कड्यासारखा सुटून हातांत येतो व सुयांवर उघडे टाके राहतात. मग नवा धागा जोडून ते टाके अगदीं सैल बंद करावे. येथेंही सैलपणा दोन टाक्यांच्या मध्यें ठेवावयाचा हें विसरूं नये. मोजा अर्धा इंच आंखूड होतो, पण पायांत जातो.

कात्री लावतांना त्या मुलीचा हात थरथरत होता. मोजा सगळा सुटेल असें तिला वाटत होतें. तो सुटला नाहीं. दोन्ही मोजे एका शनिवारीं दुरुस्त झाले. पूर्वींची लोंकर संपली होती, म्हणून नवा कांठ जरा निराळ्या छटेचा आला. पट्टीवर तो तेरा इंचांपर्यंत पसरला. आजीनें पाठविलेली सुतळी तिनें त्यांतून सहज नेली, तेव्हां कोठें ती हंसली. दिवाळीच्या सुटींत मोजे घरीं गेले व त्या हिवाळ्यांत आजोबांनीं ते रोज रात्रीं वापरले, असें तिनें नाताळनंतर परत आल्यावर सांगितलें.

या प्रकरणांत चूक कोणाची, असें आम्हीं स्वतःस पुष्कळदां विचारलें आहे. मुलीची नव्हती, तिनें शिकविलें तसेंच केलें. आजोबांनीं नातीचें मन दुखवूं नये म्हणून गोष्ट पोटांत ठेविली, त्यामुळें एक सबंध हिवाळा त्यांचे पाय उघडे राहिले. पण त्यांना दोष कोण देईल? चूक आमची होती. डोळ्यांना जो कांठ सुबक दिसला त्याची आम्हीं स्तुति केली, तो ताणून पाहिला नाहीं, आणि ज्या पायासाठीं मोजा होता त्या पायाचें माप विचारलें नाहीं. तेव्हांपासून आमच्या वर्गांत दोन नियम झाले आहेत. ज्याच्यासाठीं विणावयाचें त्याचें माप आल्यावांचून सुईवर टाका घालावयाचा नाहीं, आणि चौथी ओळ संपली कीं प्रत्येकीनें आपला कांठ आमच्यापुढें ताणून दाखवावयाचा. आजींच्या सुतळीचा तो तुकडा आमच्या विणकामाच्या पेटींत अजून आहे. नवीन वर्ग सुरू झाला कीं पहिल्या दिवशीं आम्ही तोच प्रथम बाहेर काढतों.